कुणाच्यात जातीस?

शाळेच्या भिंतीवर लावलेला तो नकाशा मी काढला होता. खाली नाव मास्तरांचं होतं, पण गोल माझ्या हातचे आणि रेघाही माझ्याच हातच्या. त्या रेघांनी पुढं जे केलं त्याचा राग मी इतकी वर्षं कुणापुढं काढलेला नाही. बोलायला गेले की माझा घसा बसतो. लिहिताना बसत नाही, म्हणून लिहिते.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. पलूस आणि तासगावच्या मध्ये, येरळा नदीपासून थोडं आत आमचं गाव. माझे मालक पलटणीत होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मामंजी, वन्सं आणि मी. वन्सं म्हणजे मालकांची थोरली बहीण. त्यांना कोरेगावच्या बाजूला दिलं होतं. तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं दुसरी आणली आणि यांना बैलगाडीतून आमच्या वेशीपर्यंत आणून उतरवलं. घरापर्यंतसुद्धा आला नाही. तेव्हापासून बारा वर्षं त्या बापाच्या घरी होत्या. माझं माहेरही त्याच बाजूचं, त्यामुळं तो माणूस मी लहानपणापासून पाहिलेला. कोरेगावच्या बाजारात मोठमोठ्यानं हसायचा.

वन्सं शिकलेल्या नव्हत्या. मी चौथी पास. त्यांनी मला भाकरी थापायला शिकवली, मामंजींच्या रागाच्या वेळा शिकवल्या, म्हैस लाथ मारणार हे आधी कसं कळतं ते शिकवलं. मी त्यांना काही शिकवलं नाही. त्यांनी एकदाच माझ्याकडं काही मागितलं, त्याचीच ही गोष्ट.

गावात बातमी आली की आता सगळ्यांना मत मिळणार, बायकांनासुद्धा, आणि तलाठी घरोघर येऊन नावं लिहून नेणार. वन्सं त्या दिवशी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"वैनी, त्या यादीत माझं नाव लागंल का गं?"

"लागंल की."

"माझं म्हंजे माझं. अमक्याची बायको म्हणून न्हाई. मला ज्या नावानं हाक मारत्यात ते."

"मत कुणाला देणार?" मी थट्टेनं विचारलं.

"ते मागनं बगू. आदी नाव."

मग शेंगा फोडता फोडता त्यांनी मोजून दाखवलं. जमिनीच्या कागदावर मामंजींचं नाव. रेशनच्या कार्डावर मामंजींचं नाव आणि पुढं माणसं किती तो आकडा. लग्नाच्या पत्रिकेत त्यांचं नाव होतं, पण ती पत्रिका सासरी राहिली. "आता मी कशातच न्हाई बग," त्या म्हणाल्या. रडून म्हणाल्या नाहीत. टरफलं सुपात टाकत म्हणाल्या.

त्याच सुमाराला शाळेत नवे मास्तर आले. वयानं माझ्या मालकांएवढे, कॉलेजातून मास्तरकी शिकून आलेले. मुलांना नागरिकाचे धडे द्यायचे असं वरून आलं होतं आणि मास्तरांनी ते मनावर घेतलं होतं. धडा मुलांनी पाठ करून काय उपयोग, तो घरी पोहोचला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पहिला धडा हाच: तलाठी आला की प्रत्येक बाईनं स्वतःचं नाव सांगायचं. नुसतं 'अमक्याची बायको' असं सांगितलं तर ते नाव यादीतून उडेल.

धडा पोहोचवायची त्यांची एक पद्धत होती. पाट काढायच्या आधी आपण उतार बघतो तसं, गावात बोलणं कुठून कुठं वाहतं ते आधी बघायचं. प्रत्येक पोराला विचारायचं, तू कोणाच्या घरी नेहमी जातोस. प्रत्येक घराचा एक गोल काढायचा आणि जाणाऱ्या घरापासून त्या घरापर्यंत रेघ. ज्या गोलावर जास्त रेघा, त्या घरातल्या पोरीला चांगलं शिकवायचं. ती एकटी गावभर धडा नेईल. मला ते ऐकताना फार आवडलं होतं, हे खोटं कशाला लिहू.

पण मास्तर समोर आले की पोरी तोंड उघडीनात. म्हणून त्यांना बाई पाहिजे होती, लिहिता येणारी. गावात तशी मी एकटी. मास्तर मामंजींना भेटले. मामंजी म्हणाले, "सरकारी काम हाय म्हंतायसा, तर यील ती." आणि मला म्हणाले, "मान खाली घालून जायचं, मान खाली घालून यायचं."

मी तशीच गेले.

शाळेच्या ओसरीवर एकेक पोरगी माझ्यापुढं बसायची. मास्तरांनी प्रश्न लिहून दिला होता. पहिल्या पोरीला मी तो वाचून दाखवला, "तू नेहमी कोणाच्या घरी जातेस?" पोरगी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग मी आमच्या बोलीत विचारलं.

"कुणाच्यात जातीस गं रोज?"

"पाटलाच्यात."

"आनी?"

"आनी मग घरला जाते की."

दुसरी आली. "पाटलाच्यात." तिसरी आली. "पाटलाच्यात." एकीनं तर विचारलं, "आज गेले न्हाई, तरी सांगू का?" कागदावर तीन घरांसाठी तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीवर पाटील ठरलेले. बाकी दोन ओळींवर कुणी चुलत्याचं घर सांगे, कुणी सोनाराचं, कुणी कुणाचंच नाही.

मण्याराची पोरगी आली. तिची आई गावात आणि आसपासच्या वाड्यांवर काकणं भरायची. पोरगी तिच्याबरोबर फिरायची, म्हणून शाळेत अर्धे दिवस.

"कुणाच्यात जातीस?"

"समद्यांच्यात."

"तीन घरं सांग."

"तीनच कशी सांगू? आईसंगं समद्यांच्यात जाते मी. तुमच्यात न्हाई का येत?"

मी मास्तरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "सगळ्यांकडे असं लिहिता येत नाही, ताई. तीन नावं हवीत. नसतील तर कोरं सोडा." मी कोरं सोडलं.

नकाशा काढायला तपकिरी जाड कागद होता. पाटलांच्या घराचा गोल मला भाकरीएवढा काढावा लागला, नाहीतर रेघा मावत नव्हत्या. मण्याराचं घर कोपऱ्यात राहिलं. त्याच्याकडं कुणाची रेघ आली नाही आणि त्याच्याकडून कुठं गेली नाही. मास्तर कागदापुढं उभे राहून खूश झाले. "बघा ताई, कसं स्पष्ट दिसतं. हे आपलं मुख्य घर. आणि ही बिचारी मुलगी एकटी पडली आहे."

मला त्याच वेळी माहीत होतं. हे मी कबूल करते. पाटलांच्या घरी रोज सकाळी मोठं ताक व्हायचं आणि निम्मं गाव तांब्ये घेऊन त्यांच्या दारात उभं राहायचं. पोरी जायच्या त्या ताकाला. तिथं कुणी कुणाशी बोलत नसे. तांब्या पुढं करायचा, पाटलीणबाई वरून ओतणार, तांब्या भरला की मागं सरकायचं. आमची म्हैस आटली होती तेव्हा मीसुद्धा गेले होते. तरी मी त्या भाकरीएवढ्या गोलाकडं रेघा ओढत बसले, पट्टी लावून, अगदी सरळ.

घरी आल्यावर वन्संना सांगितलं. त्या आधी हसल्या. इतक्या हसल्या की मामंजींनी बाहेरून खाकरून दाखवलं. मग थांबल्या.

"अगं, ताकाला जात्यात त्या पोरी! तितं कोन काय इचारतंय कुणाला? तू सांगितलं न्हाईस मास्तराला?"

"न्हाई."

"का?"

"त्यांचं शास्त्र हाय ते."

"शास्त्राला ताक म्हाईत नसंल, तुला हाय न्हवं? उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं. "काय, ताई?" मी वाट बघितली, आवाज येईल म्हणून. मग मीच म्हणाले, "शाई संपलीया." शाई अर्धी बाटली होती. त्यांना ती दिसत होती.

मास्तरांनी तीन पोरी निवडल्या, त्यांत पहिली पाटलांची. रोज शाळा सुटल्यावर त्यांना वेगळा धडा. पाटलांची पोरगी हुशार होती. तिनं धडा नीट पाठ केला आणि घरी जाऊन आईला नीट सांगितला. पुढं काय झालं ते वन्संनी आणलं.

आठ-दहा दिवसांनी त्या मुद्दाम तांब्या घेऊन पाटलांच्या दारात गेल्या. परत आल्या त्या तांब्या आपटतच.

"पोचला तुझा धडा."

"पोचला?"

"मोप पोचला. पाटलीण ताक वाढताना एकेकीला सांगतीया. सरकारचा मानूस येनार हाय, नाव इचारनार हाय. चांगल्या घरची बाई परक्या पुरुषाफुडं आपलं नाव सांगत न्हाई. कुणाची बायको तेवडं सांगायचं. आमच्यात तसंच सांगनार, तुमीबी तसंच सांगा. आन् समद्या माना हालवत्यात."

"तुमी काय म्हणाला?"

"मी म्हनलं, आन् जिचा मालक न्हाई तिनं काय सांगायचं? तर म्हंती कशी, तू कशाला मधी मधी करतीस, तुझं काय नाव लागायचंय."

मी खाली बसले. माझा समज होता की रेघा खोट्या आहेत. त्या खोट्या नव्हत्या. ज्या दारात मान खाली घालून उभं राहायचं, तिथलं बोलणं तर सगळ्यात लवकर पोहोचतं. मास्तरांनी उतार बरोबर शोधला होता आणि पाणी कुणी सोडलं ते बघितलं नव्हतं. मास्तरांचा राग आला, पाटलीणबाईंचा आला. त्यांच्या पोरीचा मात्र आला नाही, तिनं खरंच जीव लावून पाठ केलं होतं. सगळ्यात जास्त त्या पट्टीचा राग आला. उगाच इतक्या सरळ रेघा मारल्या.

वन्सं म्हणाल्या, "तुझा सवालच उलटा हाय बग. कुणाच्यात जातीस, हे काय इचारायचं? बाई कुटं जाती? बाईला कोन जाऊ देतंय? तुमच्यात कोन येतं, आन् आलं की बसतं, ते इचार."

मी जुन्या वहीच्या मागच्या पानावर दुसरा नकाशा सुरू केला. आता मास्तर नव्हते, ओसरी नव्हती. नदीवर धुणं धुताना, रानात तण भांगलताना मी बायकांना विचारायची. एकेकीपाशी माझी जीभ चालते, चारचौघींत चालत नाही, म्हणून वेळ लागला. कुणी म्हणाली सुईण येते, कुणी म्हणाली नणंद येते ती जातच नाही. पण एक नाव प्रत्येकीनं घेतलं. मण्यारीण. येते, बसते, पाणी पिते, हात हातात घेते आणि चारी गावच्या गोष्टी सांगते. मराठ्यांच्या घरात येते, माळ्यांच्या येते, शिकलगाराच्या येते, महारवाड्याच्या कडेला बसून तिथल्या बायकांनाही काकणं भरते. पहिल्या नकाशात कोपऱ्यात पडलेलं घर या पानावर मधोमध आलं. एवढ्या रेघा झाल्या की कागद फाटला.

ते पान मी मास्तरांच्या टेबलावर ठेवलं. मास्तरांनी पुष्कळ वेळ बघितलं. त्यांचे कान लाल झाले, म्हणजे कळलं होतं.

"तुम्ही प्रश्न बदललात," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"बरोबर आहे तुमचं. पण ताई, मण्यारणीला शाळेच्या कार्यक्रमात कसं घेणार? पाटील काय म्हणतील? पाटलांनी शाळेला फळा दिला आहे. आणि नकाशाची नक्कल साताऱ्याला पाठवूनही झाली." मग म्हणाले, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

मी पान उचलून घरी आणलं.

मण्यारीण, तिला आम्ही चाची म्हणायचो, पुढच्या आठवड्यात आमच्याकडं आली. वन्संनी हात पुढं केला. नवऱ्यानं टाकली तरी काकणं चुकत नाहीत. चाचीनं हाताची बोटं एकत्र दाबून धरली आणि वन्संनी तिला सगळं सांगितलं, पाटलीण काय म्हणते तेही.

"आसं व्हय," चाची म्हणाली. "हात माझ्या हातात आसतोय तवर बाई कुटं पळतीया? मी सांगते की समद्यांस्नी."

"पाटलीण तुला दारात हुबी करायची न्हाई."

"मग काय ती आपल्या हातानं काकणं भरून घेनार हाय?" चाची हसली. "आन् माझं काय फुकट काम न्हाई. माझं बी नाव लागू दे. मला बी समदी मण्यारीणच म्हंत्यात. माझ्या अब्बानं काय नाव ठेवलं न्हवतं व्हय?"

तिनं आपली रीत काढली. एक काकण, एकदा नाव. नाव मोठ्यानं सांगितल्याशिवाय ती काकण बोटांच्या सांध्यावरून पुढं जाऊ देत नसे. मी शेजारच्या घरी बघितलं. शेजारीण कळवळत होती आणि हसत होती.

"आगं चाची, हात मोडशील!"

"नाव सांग."

"कुटलं सांगू? म्हायेरचं का सासरचं?"

"जे सांगताना त्वांड गोड हुतं ते सांग."

"मग म्हायेरचं."

"सांग की मग! अजून जोरात. तलाठी भैरा हाय आसं समज."

तिची सासू दारातून म्हणाली, "हिचं आसं नाव हाय? मला तर म्हाईतच न्हवतं." आणि मग सासूनंही आपलं सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

तलाठी आला त्या दिवशी मी दाराच्या फटीतून गल्ली बघत होते. त्याच्याबरोबर पाटलांचा माणूस होता. घरोघर बायका उंबऱ्यापर्यंत येत होत्या, पदर तोंडावर, पण नाव सांगत होत्या. सगळ्याच नाही. पुष्कळजणी पाटलीणबाईंचंच ऐकून 'अमक्याची बायको' म्हणाल्या. तरी दोन घरं सोडून तिसऱ्या घरी नाव ऐकू यायचं. तलाठी वैतागून म्हणाला, "आज बायकांना झालंय तरी काय? मी बापयांची नावं लिवू का यांची ऐकू?"

आमच्या कट्ट्यावर तो बसला. मामंजींनी आपलं नाव सांगितलं, मालकांचं सांगितलं. माझी वेळ आली. मी दाराआडून माझं नाव सांगितलं. तलाठी म्हणाला, "काय? ऐकू येत न्हाई." मी पुन्हा सांगितलं असं मला वाटलं. आवाज बाहेर आलाच नव्हता. तेव्हा वन्संनी माझं नाव खणखणीत सांगितलं आणि त्याच दमात आपलं.

"ही कोन?" तलाठ्यानं मामंजींना विचारलं.

"थोरली लेक."

"लगीन?"

"झालंय. कोरेगावच्या अंगाला दिलीया."

"मग तिचं नाव तिकडच्या यादीत लागंल. बाई नवऱ्याच्या गावची."

"मी हितं ऱ्हाते," वन्सं म्हणाल्या. "बारा वरसं झाली."

"बारा वरसं म्हायेरपन!" तलाठी हसला. "लय लाडाची लेक दिसतीया." पाटलांचा माणूसही हसला. तलाठ्यानं पान उलटलं.

तिकडच्या यादीत तिकडची बायको लागणार होती, हे काय तलाठ्याला कळत नव्हतं? मामंजींना कळत होतं. ते धोतराच्या सोग्याकडं बघत बसले. मी दाराआड होते. माझ्याएवढी अक्षरं त्या कट्ट्यावर फक्त तलाठ्याला येत होती.

वन्सं आत आल्या आणि चुलीतली राख काढायला बसल्या. राख सकाळीच काढली होती.

मास्तरांनी एक काम केलं, ते लिहायला पाहिजे. ते स्वतः आमच्या दारात आले आणि म्हणाले, तासगावला कचेरीत अर्ज देता येतो, ज्याचं नाव राहिलं असेल त्यानं. अर्जात काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं. मी लिहिला. वन्संचं नाव, त्यापुढं राहणार कुठं, किती वर्षं. नवऱ्याचं नाव लिहायची जागा आली तशी वन्सं म्हणाल्या, "तितं बापाचं लिव." मी मामंजींचं नाव लिहिलं.

मामंजी जाऊ नका म्हणाले नाहीत. "काय करायचं ते करा," एवढंच. चाची बाजाराला माल आणायला तासगावला जायची, तिच्याबरोबर आम्ही दोघी सर्व्हिस मोटारीनं गेलो. वन्सं नवं लुगडं नेसल्या होत्या. वाटेत चाची त्यांना म्हणाली, "आगं, लग्नाला चाललीस का काय?" वन्सं म्हणाल्या, "त्याच्यापरीस मोटं हाय."

कचेरीत कारकून टेबलामागं होता. पलीकडं दोन-तीन माणसं कामासाठी बसलेली. त्यानं अर्ज वाचला. अक्षराचं कौतुक केलं. मग पेन टेबलावर आपटत म्हणाला, "नवऱ्याचं नाव नाही."

"बापाचं दिलंय," वन्सं म्हणाल्या.

"लग्न झालेल्या बाईपुढे नवऱ्याचंच लागतं. सांगा."

"भावाचं देऊ? पलटणीत हाय."

"बाई, नवऱ्याचं. मला दुसरी कामं आहेत."

वन्सं गप्प राहिल्या. कारकुनाला वाटलं त्याला कळलं. तो हसला. "लाजता कशाला? इथं काय हळदीकुंकू चाललंय? घ्या नाव." बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "उखाण्यात घ्या म्हणावं, मग येईल." सगळे हसले. वन्संचा चेहरा असा झाला होता, की तसा मी बारा वर्षांच्या गोष्टी ऐकतानाही कधी पाहिला नव्हता. कारकुनानं अर्ज घडी घातला आणि त्यांच्याकडं सरकवला. "आठवलं की या."

तेव्हा वन्संनी नाव घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनाव. एकेक शब्द सुटा. कारकुनानं लिहून घेतलं. "झालं की. एवढं काय अवघड होतं?"

बाहेर पिंपाजवळ जाऊन त्यांनी चूळ भरली. पुन्हा भरली. पाचव्या-सहाव्या चुळीनंतर चाचीनं त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"लोकास्नी वाटतं मी रीत पाळते," वन्सं म्हणाल्या. "बारा वरसं नाव घेतलं न्हाई म्हणून. रीत कसली? मळमळतं मला त्या नावानं. माझ्या तोंडात ते नगं होतं." मग माझ्याकडं वळून, "तुला म्हाईत हुतं न्हवं त्याचं नाव?"

"व्हय."

"मग?"

माझ्या तोंडाला त्या नावाची बंदी नव्हती. माझा तो कुणी नव्हता. अर्ज माझ्या हातचा, टाक माझ्या पिशवीत, आणि मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. कारकुनाला एक शब्द सांगायला मला कुणाची आडकाठी होती? बोलायचंही नको होतं, लिहून पुढं करायचं होतं. आज इतक्या वर्षांनी त्या हसणाऱ्या माणसांचा राग निम्मा झालाय. त्या दिवशी गप्प उभ्या राहिलेल्या माझा राग होता तिथंच आहे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मोटारीत त्या चाचीच्या पलीकडं बसल्या.

काही महिन्यांनी चावडीच्या भिंतीवर यादीची नक्कल लागली. वन्संनी मला हाक मारली नाही. नुसत्या चपला घालून दारात थांबल्या, म्हणून मी मागोमाग गेले. चावडीत बायकांनी जाऊ नये असं होतं. कोतवाल सावलीत बसला होता.

मी बोट फिरवत खाली आले आणि थांबले. वन्संनी मी थांबल्याचं बघितलं.

"वाच."

मी वाचलं. त्यांचं नाव, आणि पुढं त्याचं.

"ह्यात माझं कुटवर आन् त्याचं कुटनं?"

मी बोटानं दाखवलं. त्यांनी ते दोन्ही टोकांना नीट बघून घेतलं, जमीन मोजताना बघतात तसं. मग अंगठा तोंडात घालून ओला केला आणि त्याच्या नावावर घासायला लागल्या. नक्कल हातानं लिहिलेली होती, शाई लगेच निळी पसरली. कोतवाल उठला. "ए बाई! सरकारी कागद हाय त्यो! हात काढ!" वन्संनी अंगठा पुन्हा ओला केला.

कोतवाल आमच्याकडं आला. मी त्याच्या आणि वन्संच्या मध्ये जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "बाजूला व्हा, सूनबाई." मी मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघत राहिले आणि हलले नाही. मागं कागदावर अंगठा घासल्याचा आवाज येत होता. खरी यादी तासगावच्या कचेरीत होती, तिथं त्या नवऱ्याचं नाव तसंच राहणार, हे मला माहीत होतं. वन्संना मी तेही सांगितलं नाही. त्यांचं काम होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले.